ठिपक्यांच्या जिभेचा पतंग

भांडण झालं ते एका लेथ मशीनवरून.

दोघा भावांचं लोखंडी कपाटं बनवायचं वर्कशॉप होतं, बापाने उभं केलेलं, घराच्या पुढच्या अंगाला. त्यातलं बापाचं पहिलं लेथ कधीचं बंद पडून कोपऱ्यात बसलं होतं. थोरल्याने एके दिवशी कुणाला न विचारता ते भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं. धाकटा बाहेरगावाहून आला तर कोपरा मोकळा.

"बापाला विकलंस तू," धाकटा म्हणाला.

"गंज विकला," थोरला म्हणाला.

शब्दाने शब्द वाढला. लहानपणापासूनची मढी उकरून झाली. ह्याने त्याचं काढलं, त्याने ह्याचं. शेवटी अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली आणि तिच्या डोक्यावर सिमेंटात बाटल्यांच्या काचा खोचल्या गेल्या. वर्कशॉपची दोन झाली, घराची दोन झाली. जुनं स्वयंपाकघर आणि त्याच्यावरची मागची खोली थोरल्याकडे गेली. पुढच्या खोल्या आणि गच्ची धाकट्याकडे आली. फोन होते ते दोन्ही वर्कशॉपांत, पुरुषांच्या टेबलांवर. मोबाइल अजून कुणाच्या हातात आले नव्हते. दोन्हीकडे एकच हुकूम निघाला: त्या घराशी शब्द बोलायचा नाही.

दोन्ही जावांना कुणी काही विचारलंच नाही.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून दुधाचं पातेलं उलटलं होतं. सासू तासभर बोलत होती. धाकटी मान खाली घालून उभी, डोळे डबडबलेले. तेवढ्यात सासूच्या पाठीमागे थोरली आली आणि तिने जीभ बाहेर काढली. साधीसुधी नाही, पार हनुवटीपर्यंत, डोळे तिरळे करून. धाकटीला हसू फुटलं, ते तिने खोकला म्हणून खपवलं, आणि त्या दिवसापासून दोघींचं सूत जुळलं. सासू गेली, पण जीभ राहिली. नवऱ्यांनी अक्कल पाजळायला सुरुवात केली की एकीने दुसरीकडे बघायचं आणि जीभ काढायची, एवढं करून दिवस निभायचे. बाजारात जांभळ्या कापडावर पिवळे ठिपके असलेला ताग्याचा तुकडा मिळाला तेव्हा दोघींनी त्यातून घरात घालायचे गाऊन शिवले. थोरला म्हणाला, "दोन वांगी फिरताहेत घरात." त्यावरही जीभ.

भिंत झाल्यावर धाकटी बोलायची ती फक्त भांड्यांशी. कामवाली मावशी दोन्ही घरी येत असे, पण तिलाही दोन्हीकडून दम मिळालेला: इकडचं तिकडे केलंस तर दार बंद. मावशी बाई खमकी. तिने त्यातून आपली वाट काढली. सिंकपाशी उभी राहून ती हातातल्या पातेल्याला म्हणाली, "पातेल्या, मी काही कुणाला सांगत नाहीये हं. तुलाच सांगते. वरच्या खोलीतल्या बाई न्हाणीत घसरल्या. मांडीचं हाड मोडलंय. पायाला वजनं लटकवून उताणं निजवलंय. कूस बदलायची नाही."

धाकटीच्या हातातली सुरी थांबली.

"आणि कढई, तूही ऐक," मावशी पुढे म्हणाली. "दिवसभर एकट्या असतात. बोलत नाहीत, नीट खात नाहीत. भिंतीकडे तोंड नाही, रस्त्याकडे नाही. पडल्या पडल्या नुसतं आभाळ बघतात."

त्या पलंगावरून काय दिसतं हे धाकटीला कुणी सांगायला नको होतं. ती खोली आधी तिची होती. तिथेच ती आजारपणात महिनोन्‌महिने पडून होती, आणि थोरली तिला चमच्याने भरवत होती, मोरी धूत होती, कपडे बदलत होती. उताणं पडलं की खिडकीत पाण्याच्या टाकीची कड दिसते, एक तार दिसते, आणि बाकी चौकोनभर आभाळ.

धाकटीने भाजीचं सूप डब्यात भरलं आणि सरळ शेजारच्या फाटकाशी गेली. थोरला तिथेच एका कपाटाला रंग मारत होता. त्याने ब्रश खाली ठेवला नाही.

"भाऊजी, ताईंना बघायला आलेय."

"बघायला माणसं आहेत इथं."

"कोण आहेत?"

त्याने ब्रश रंगात बुडवला. मग म्हणाला, "तुझ्या नवऱ्याने भिंतीसाठी निम्म्या विटा आणल्यात. त्या विटांना विचार, आत सोडतात का."

तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. धाकटा जेवत होता. तो म्हणाला, "गेलीस कशाला? अपमान करून घ्यायची हौस?"

"त्यांचं हाड मोडलंय."

"वाईट झालं," तो म्हणाला आणि हातातला घास परत ताटात ठेवला. पण पाणी पिऊन तो परत मूळ पदावर आला. "पण त्या घराची पायरी चढायची नाही. मी सांगतोय म्हणून."

त्याचं जेवण होताच धाकटीने ताट उचललं. भांडी आवरली, ओटा पुसला, आणि मग न्हाणीघराच्या दारामागचा खराटा काढून त्यातल्या लांब काड्या उपसायला बसली.

पतंग तिने आयुष्यात उडवलेला नव्हता. माहेरी भावांचे फाटलेले पतंग खळ लावून सांधायचं काम तिचं, उडवायचा मान भावांचा. "पोरींच्या हाताला दोरा कापतो," असं घरात म्हणत. त्याच हातांनी ती भावांची बटणं लावायची, तेव्हा दोरा कुणाला कापत नव्हता. असो. पतंगाच्या पोटात काय असतं हे मात्र तिला पाठ होतं.

मैद्याची खळ शिजवली. वर्तमानपत्राचा चौकोन कापला. एक काडी कोपऱ्यातून कोपऱ्यात उभी चिकटवली, दुसरी कमानीसारखी वाकवायला गेली तर ती कट्कन मोडली. तिसरीही मोडली. मग तिने काड्या बादलीत भिजत घातल्या आणि दुपारी वाकवल्या. ह्या वेळी वाकल्या. पुढच्या बाजूने उभ्या काडीला वर आणि खाली भोकं पाडून दोऱ्याचा त्रिकोण बांधला आणि त्याच्या टोकाला रीळ जोडलं. गच्चीवर गेली, वाऱ्यात पतंग सोडला. तो वर न जाता भोवऱ्यासारखा गरगरला आणि तिच्याच डोक्यावर येऊन आपटला. वर्तमानपत्राचं अंग जड. खराट्याच्या काड्याही एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, त्यामुळे तो एका कुशीवर कलायचा. शिलाईचा दोरा तर पहिल्याच झटक्याला तुटला.

दुसऱ्याची गत पहिल्यासारखीच झाली.

तिसऱ्या वेळी तिने घर वेगळ्या नजरेने बघितलं. नवऱ्याच्या नव्या बुटांच्या खोक्यात पातळ, सळसळता पांढरा कागद होता. तो काढला. बूट उघडे पडले, पडू देत. माळ्यावर बांबूच्या पट्ट्यांचा जुना पडदा गुंडाळून ठेवलेला होता. त्यातल्या दोन पट्ट्या सोडवून सुरीने तासल्या, बोटावर तोलून बघत, दोन्ही बाजू सारख्या होईतो. गादी शिवायचा पक्का दोरा घेतला आणि लाटण्यावर गुंडाळला. पोळपाट एकटाच पडला.

मग तिने बुटांचं पॉलिश उघडलं आणि बोटाने कागदावर दोन डोळे काढले. मोठे आणि तिरळे. खाली रुंद तोंड. आणि त्या तोंडापासून खाली लांबच लांब शेपटी लावायची होती, तेव्हा तिने कपाटातून ठिपक्यांचा गाऊन काढला, क्षणभर हातात धरला, आणि खालच्या घेराची पट्टी टरकन फाडली.

दुपारी वारा धाकट्याच्या गच्चीवरून थोरल्याच्या छपरावर आणि तिथून पलीकडे वाहत असे. हे तिला वाळत घातलेल्या कपड्यांवरून ठाऊक होतं. तिच्या उशांचे अभ्रे नेहमी त्यांच्या पत्र्यावर उडून जायचे. तिने पतंग सोडला. तो खाली झुकला, शेपटी जड झाली म्हणून थबकला, मग सावरला आणि वर निघाला. दोरा हातातून सुटत होता, बोटं भाजत होती. लाटणं पायाशी थडाथड उड्या मारत होतं. पतंग पत्र्याच्या छपरावरून गेला, टाकीच्या वर गेला, आणि पलीकडे उतरून तिला हव्या त्या चौकोनात जाऊन उभा राहिला, तिरळा, जांभळी जीभ लवलवत.

तिने दोरा बोटाला दोन वेढे देऊन धरला आणि वाट बघितली. कशाची, ते तिलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आली ती हसत. "तव्या," ती म्हणाली, "काल वरच्या बाई हसल्या. आधी वाटलं रडताहेत. मग बघते तर पोट धरून. हसताना पाय दुखतो म्हणून शिव्या देताहेत, आणि परत हसताहेत."

त्यानंतर दुपारची भांडी झाली की धाकटी गच्चीवर. गल्लीत बोलबाला व्हायला वेळ लागला नाही. वर्कशॉपातले कामगार माना वर करून बघायचे. धाकट्याला कुणीतरी चहाच्या टपरीवर म्हणालं, "काय हो, वहिनी लहान झाल्या का?" तो घरी आला तो तणतणत.

"नाक कापलंस! चाळिशीची बाई गच्चीवर पतंग उडवते. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील पतंग चांगला उडतो."

"उद्यापासून बंद."

आणि त्याने गच्चीला लावलेली लोखंडी शिडी, स्वतःच्या हाताने वेल्डिंग केलेली, उचलून वर्कशॉपात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दुपारी धाकटीने मागच्या बाजूला जेवणाचं टेबल ओढलं, टेबलावर स्टूल, स्टुलावर बादली उपडी. तोंडात पतंगाचा दोरा, काखेत लाटणं, अशी ती चढत असताना धाकटा पाणी प्यायला आत आला. त्याच्या हातातला पेला सुटला.

"अगं, पडशील! तिकडे एक पाय मोडून पडलीय, आता तू दुसरा मोड!"

धाकटीने बादलीवरूनच मागे वळून बघितलं. तोंडातला दोरा काढला.

"मोडला तर बरंच होईल. मग एकाच खोलीत ठेवा दोघींना."

धाकटा पुढे धावला. त्याने टेबल धरलं, ती वर पोचेपर्यंत धरून ठेवलं. मग काही न बोलता वर्कशॉपात गेला आणि शिडी परत आणून लावली. मात्र त्या संध्याकाळी तो तिच्याशी बोलला नाही. तीही बोलली नाही. तिला बोलायची घाई नव्हती.

थोरल्याच्या डोक्यात मात्र वेगळंच शिरलं होतं. त्याने पतंग बघितला तो खालून, अंगणातून. तिरळे डोळे, बाहेर काढलेली जीभ, आणि ती त्याच्या छपरावर. त्याला वाटलं, धाकटा आपल्याला वेडावतोय. बायको पुढे करून. दोन-चार दिवस त्याने दात खाल्ले, मग एके दुपारी लांब बांबूला तारेचा आकडा लावून तो मागच्या अंगणात उभा राहिला. दोरा जरा खाली आला तसा त्याने आकड्यात पकडला आणि ओढला. पतंग छपरावर आपटत, घासटत खाली आला. त्याने तो दोन्ही हातांनी फाडला, चुरगाळला आणि भिंतीवरून पलीकडे फेकला.

कामगार बघत होते. धाकटी गच्चीवरून खाली आली. पतंग उचलला, मांडीवर घेऊन सरळ केला. एक डोळा पार गेला होता, कमान मोडली होती, जीभ तेवढी शाबूत. तिने तिथेच, सगळ्यांच्या समोर, अंगणात बैठक मारली. खळ मागवली ती नवऱ्याच्याच कामगाराकडून. बुटाच्या कागदाचा उरलेला तुकडा ठिगळ म्हणून लावला, नवी पट्टी तासली, आणि जुन्या डोळ्याच्या जागी पॉलिशने नवा डोळा काढला. पहिल्याहून मोठा. वाळायला उन्हात ठेवला आणि शेजारी हाताची घडी घालून बसली.

त्याच दुपारी तो पतंग परत वर गेला.

भिंतीपलीकडून थोरल्याचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "ए! तुझ्या बायकोला आवर!"

भिंत बांधल्यापासून भावाने भावाला मारलेली ती पहिली हाक. धाकटा वर्कशॉपातून बाहेर आला. हातात कपाटाचं दार होतं, ते त्याने भिंतीला टेकवलं. वर बघितलं. पतंग बघितला, बायको बघितली. तिच्या बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या दिसल्या त्याला, दोऱ्याने कापलेल्या बोटांवरच्या. तो शिडीपाशी गेला. कामगारांना वाटलं आता हा शिडीच काढून टाकतो.

"भिंत जमिनीवर घातलीय, दादा," तो म्हणाला. "आभाळात नाही घातली."

"माझ्या छपरावर आहे तो!"

"छपराच्या वर आहे. पोचतोय का हात? मग काढ."

कामगार फिदीफिदी हसले, दोन्ही बाजूंचे. थोरला लाल झाला. त्याने परत बांबू उचलला आणि नेमका तेव्हाच वरच्या खोलीतून आवाज सुरू झाला. ठण्, ठण्, ठण्. स्टीलच्या ताटावर डाव मारल्याचा. उताणं पडलेल्या बाईने जेवणाचं ताट छातीवर घेतलं होतं आणि ती ते बडवत होती, अशी की शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या.

थोरला वर धावला. खाली ऐकू आलं ते एवढंच.

"काय लावलंय हे? बंद कर!"

ठण्, ठण्.

"अगं, लोक जमलेत खाली!"

"जमू देत. भिंत घालताना मला विचारलंत? मशीन विकताना त्याला विचारलंत? आता मी ताट वाजवताना तुम्हाला विचारणार नाही. तिला वर येऊ द्या. नाहीतर हे असंच चालू राहील, ताट फुटलं तर पातेलं आहे."

त्याने ताट काढून घेतलं. तिने पलंगाच्या लोखंडी दांडीवर डाव मारायला सुरुवात केली. तो आवाज ताटाच्या वरताण होता.

धाकटीने पतंगाचा दोरा गच्चीच्या कठड्याला बांधला. खाली आली, तोंडावर पाणी मारलं, फाटक्या घेराचा ठिपक्यांचा गाऊन अंगात चढवला, गुडघ्यापर्यंत आखूड झालेला. सुपाचा डबा घेतला. भर उन्हात, दोन्ही वर्कशॉपांच्या देखत, स्वतःच्या फाटकातून बाहेर पडली आणि शेजारच्या फाटकातून आत शिरली. थोरला तोवर खाली येऊन दारात उभा होता, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून.

"कुठे?"

"वर."

"मी नाही म्हटलंय."

"ऐकलं ते," धाकटी म्हणाली आणि त्याच्या हाताखालून वाकून आत गेली.

त्याला तिला धरता आलं असतं. त्याने धरलं नाही. का, ते त्यालाच माहीत. कदाचित वरचा आवाज त्याच क्षणी थांबला म्हणून असेल.

खोलीत औषधांचा आणि बंद हवेचा वास होता. थोरली पलंगावर सपाट पडलेली, पायाला वजनं, हातात वाकडा झालेला डाव. गाल आत गेलेले. ती धाकटीकडे बघतच राहिली. मग तिची नजर खाली गेली.

"गाऊनची काय वाट लावलीस, धाकटे," ती म्हणाली.

"तुमचा असेल ना अजून?"

"आहे. पण तो फाडायचा नाही हं, सांगून ठेवते."

धाकटीने डबा ठेवला आणि खिडकी सताड उघडली. सूप चमच्याने भरवायला घेतलं तर थोरलीने चमचा हिसकावून घेतला, "हात नाही मोडला माझा," म्हणाली, आणि अर्धं अंगावर सांडत सगळं संपवलं. धाकटीने तिचं डोकं जरासं उचललं तेव्हा तिला कळलं, मागच्या केसांचा उशीला घासून घासून एक घट्ट गोळा झालाय. इतक्या दिवसांत कुणी त्यात कंगवा घातला नव्हता.

"कापून टाक," थोरली म्हणाली. "नाही सुटायचा तो."

"सुटेल," धाकटी म्हणाली आणि तेलाची बाटली घेऊन उशाशी बसली. एकेक बट सोडवायची, टोकाकडून मुळाकडे यायचं. थोरली मध्येच कळवळायची, शिवी द्यायची, मग महिन्यांचं साठलेलं सांगायला लागायची. मावशीचं, औषधांचं, रात्री थोरला खुर्चीत बसून घोरतो त्याचं. "वाईट नाही गं तो," ती म्हणाली. "फक्त गाढव आहे."

"आमच्याकडेही एक आहे."

दार ढकलून थोरला डोकावला. त्याने घसा खाकरला. बायकोकडे बघितलं, धाकटीच्या तेलकट हातांकडे बघितलं. काहीतरी ठरवून आला असावा, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"चहाची वेळ झालीय."

दोघींनी त्याच्याकडे बघितलं.

"आमचे हात गुंतलेत, भाऊजी," धाकटी म्हणाली. "खाली गॅस आहे, पातेलं आहे. आम्हालाही घोट घोट आणा."

"ताईंच्यात साखर कमी," ती थोरलीकडे मान करून म्हणाली. "माझ्यात नेहमीची."

थोरल्याने छाती फुगवली. तो ओरडेल असं दोघींना वाटलं. मग जिन्यावर त्याची पावलं वाजली, खाली जाणारी. स्वयंपाकघरात कपाटाची दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज येऊ लागले. स्वतः बनवलेली कपाटं ती, पण कुठल्यात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं.

"साखर कुठे असते?" खालून आवाज आला.

थोरली सांगायला तोंड उघडणार, तोच धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"शोधू देत," ती म्हणाली आणि पुढची बट हातात घेतली.